गवताला भिणारे मामा

आमच्या सासऱ्यांना घोड्याची भीती कधी वाटली नाही. वाटायची ती गवताची. वरातीत बँडच्या दणक्यानं घोडी बिथरून दोन पायांवर उभी राहिली की नवरदेवाचे काके-मामे वाट फुटेल तिकडं पळायचे, आणि हा हडकुळा माणूस तिच्या गळ्याशी जाऊन लगाम धरायचा. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलायची नाही. पण दारात गवताची गाडी येऊन थांबली की हाच माणूस उंबऱ्यातच अडायचा. लग्न होऊन मी चाकूरला आले तेव्हा मला वाटलं, काहीतरी देवभोळेपणा असेल. तसं काही नव्हतं, ती निव्वळ धास्ती होती.

सुना म्हणतात तसं मी त्यांना मामा म्हणायची, आणि गावही मामाच म्हणायचं. लातूरच्या गवतवाल्यांनी मात्र त्यांचं नाव 'वासमामा' पाडलं होतं, कारण नाकाला लावल्याशिवाय ते काडीही विकत घेत नसत. दारात वरातीच्या दोन घोड्या होत्या आणि लग्नसराईत त्यांच्यावरच घर चालायचं. माझा नवरा पतसंस्थेत कामाला. त्याला सुट्टी नसायची आणि मामांना गाडी चालवता यायची नाही. मला स्कूटी येत होती, म्हणून गवत बघायला मामांना मागं बसवून न्यायचं काम सुनेकडं आलं. गावानं थोडे दिवस हसून घेतलं, मग सवय झाली.

त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन. "घोड्याला ओकता येत न्हाई बाई. माणूस वंगाळ खाल्लं तर ओकून मोकळा होतंय. म्हैस बसल्या जागी रवंथ करती. घोड्याचं तसं न्हाई. आत गेलं ते गेलं. मग त्याच्या तोंडात आपण काय घालून राहिलो, ते आपल्यालाच कळाया नगं का?" हे ते मला सांगायचे, टपरीवरच्या चहावाल्याला सांगायचे, लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगायचे. त्या बिचाऱ्याचा घास हातातच राहायचा.

ह्या वाक्याच्या मागं काय आहे ते मला सासूबाईंनी सांगितलं. मी यायच्या आधी चांदणी नावाची घोडी होती. कुठल्याशा गंजीतला कडबा स्वस्त मिळाला म्हणून आणला. वरून चांगला, आत पांढरी बुरशी धरलेला. चांदणीला शूळ उठला. ती लोळायची, उठायची, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं बघायची, जणू तिथं कोण बसलंय ते तिला बघायचं होतं. जनावरांचा डॉक्टर आला, सुया झाल्या, पण संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. "तव्हापासून ह्यांचं असं झालंय," सासूबाई म्हणाल्या. मामांनी स्वतः चांदणीचं नाव माझ्यासमोर कधी घेतलं नाही. फक्त घोड्यांनी चारा खाल्ला की ते समोर उकिडवे बसायचे आणि त्यांच्या माना मागं वळतायत का ते बघत राहायचे.

गवत पारखायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. आधी वास. मग एक काडी मोडून कानाशी. कडकन वाजली तर बरं, मऊ वाकली तर चला पुढं. मग ती काडी स्वतः चावायची आणि गप्प बसून राहायचं. कशाची वाट बघताय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मला काय होतंय का ते बघून राहिलो." मी हसले. ते हसले नाहीत. शेवटी सगळ्यात अवघड काम, गंजीत खांद्यापर्यंत हात घालायचा. ओलं गवत दडपून रचलं तर ते आतल्या आत तापतं आणि मग कुजतं. आत ऊब लागली की तिथून काढता पाय घ्यायचा. आता गंजी म्हणजे उंदरांचं घर, आणि उंदरांमागं जे येतं त्याला मामा मरणाचे भ्यायचे. हात घालण्याआधी ते टाळ्या वाजवायचे आणि गंजीला म्हणायचे, "चला म्हाराज, बाजूला व्हा. गरिबाचा हात येऊन राहिलाय." गवतवाले तोंडात रुमाल कोंबून हसायचे. मामा डोळे घट्ट मिटून हात आत सारायचे. बाहेर काढला की उलटासुलटा करून बघायचे, माझ्याही हातात द्यायचे, बघ म्हणायचे. मी एकदा म्हटलं, आज मी घालते. तर म्हणाले, "तू नगं. तुला लेकरं हायत." त्यांनाही एक लेकरू होतं, मी त्याचीच बायको होते, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

कुठून आणायचं ह्याचा त्यांच्याजवळ एक मोठा नकाशा होता आणि त्यावर जिकडंतिकडं फुल्या होत्या. हमरस्त्याच्या कडेचं नको, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि काचा. बांधावरचं नको, आजकाल बांधाबांधावर तणनाशक मारतात. "पिवळं झालं ते उन्हानं का औषधानं, कसं वळखायचं?" विष्णुपुरीकडचं धरणाकाठचं नको, पाणथळ आणि आंबूस. ऊसवाल्यांकडचं वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, तेही नको. पूर्वी कडब्याचा आधार होता, पण आता जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, ज्वारी घरापुरती. मामा सोयाबीनच्या वावराकडं सावत्र आईनं बघावं तसं बघायचे. राहता राहिलं माळावरचं पवना गवत, दसऱ्याच्या सुमारास कापलेलं, देठात हिरवी झाक असलेलं. झाक गेली की मामांचा भरोसा गेला. ह्या हट्टापायी चांगलं गवतही त्यांनी कितीतरी वेळा परत पाठवलं असेल. मग घोड्यांना नुसत्या भुशावर ठेवून स्वतः उपाशी असल्यासारखे घरभर फिरायचे.

माझं माहेर उमरीजवळ. भावाचा थोडा माळ आहे, त्यावर गवत होतं. एका वर्षी मी मोठ्या तोऱ्यात मामांना तिकडं नेलं. वहिनीनं पोळ्या केलेल्या, भावानं गंजीजवळ खुर्ची टाकलेली. मामांनी आधी खुर्ची बाजूला केली. वास घेतला, काडी मोडली, टाळ्या वाजवल्या. मग भावाला म्हणाले, "पाव्हणं, तुमची जनावरं हेच खातेत का?" भाऊ म्हणाला, "हाव, हेच खातेत." "मग घाला की जरा." भावानं बैलाला पेंढी टाकली. बैलाचं पोट भरलेलं होतं, त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. झालं. मामा जेवले, पाहुणचार घेतला, आणि रिकाम्या हातानं परत निघाले. भाऊ वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही. परतीच्या वाटेवर मी डोळे पुसत गाडी चालवत होते, आणि मागून मामा म्हणाले, "बाई, तुझ्या भावाला खोटं म्हणून न्हाई राहिलो. पण बैलानं तोंड फिरवलेलं मी बघितलं ना. आता मला झोप कशी लागंल?"

मग ते वर्ष आलं. दसरा झाला, दिवाळी आली, तरी पाऊस थांबेना. कापलेलं गवत वावरात भिजत पडलं, उभं होतं ते लोळलं. घोड्यांपैकी थोरली आम्ही त्याच उन्हाळ्यात विकली होती. राहिली होती सोनी, आणि सोनी गाभण होती. मामांची भीती दुप्पट झाली. आमच्याकडची जुनी गंजी सरत चालली होती. ते रोज कुठल्या ना कुठल्या गंजीत नाक खुपसून यायचे, आणि रोज खोकत यायचे. खोकला जुनाच होता, पण आता दोन वाक्यांच्या मधे दम लागायला लागला. ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा त्यांना उचलून लातूरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, धान्याचं, गवताचं काही काम करता का? मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, बुरशीची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात बसली आहे, आता गवताच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. वासावरून बुरशी हुडकायची म्हणून ह्या माणसानं आयुष्यभर ती छातीत ओढून घेतली होती. मामांनी मात्र नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, घोडीला बी होतं का असं?" डॉक्टर म्हणाला, मी माणसांचा डॉक्टर आहे. मामांचं समाधान झालं नाही.

आता गवत आणायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. नवऱ्यानं रजा टाकून घर, लेकरं आणि सोनी सांभाळायची, सासूबाईंनी दवाखाना, आणि मी बाहेर पडायचं. मामांनी माझा हात धरला. काहीतरी सांगतील, एखादी खूण देतील असं वाटलं. ते नुसतं म्हणाले, "सोनी आता एकटी न्हाई, बाई." तोवर मी त्यांच्या भीतीला नुसती वाहून नेत होते, स्कूटीवर मागं बसवून. आता ती माझ्या पोटात उतरली.

लातूरच्या एका वखारीत मशीननं दाबलेले गठ्ठे होते, सोन्यासारखे पिवळे. हात घातला तर आत भाकरीच्या टोपल्यासारखी ऊब. तिथून निघाले. नांदेडच्या बाजूला दोन ठिकाणी बघितलं, वासानंच मागं फिरले. भावाला फोन केला, तर तो एवढंच म्हणाला, "ताई, कापल्यावर एकदा भिजलंय. तुझ्यापासून काय लपवू?" त्याचा तो एक शब्द मला कुठल्याही पाहुणचारापेक्षा मोठा वाटला. त्यानंच गयाबाईंचा पत्ता दिला. माळावर वस्ती करून राहणारी बाई, नवरा नाही, दोन म्हशी आणि एक गाय. सगळ्यांनी दिवाळीआधी घाईनं गवत कापलं, हिनं कापलंच नव्हतं. "पाऊस ऐकंना, म्या बी ऐकलं न्हाई," ती म्हणाली. आभाळ पुरतं उघडल्यावर, उभ्यानं वाळलेलं गवत तिनं मग कापलं होतं. रंग राखाडी, देठ जाड, कुसळं झडलेली, हिरवी झाक नावालाही नाही. मामांच्या हिशेबात असल्या गवताला गवत म्हणायचंच नव्हतं.

मी काडी मोडली, कडकन वाजली. वास घेतला, नुसता उन्हाचा. टाळ्या वाजवल्या. गयाबाई माझ्याकडं बघत राहिली. हात घालताना मीही डोळे घट्ट मिटले, खोटं कशाला सांगू. आत अंधार होता, थंड आणि कोरडा. गयाबाईच्या गाईसमोर पेंढी टाकली. गाईनं मान वर केली नाही, खातच राहिली. ह्या गवतात कस कमी असेल, पण कपट नसेल, असं मला वाटलं. वाटणं म्हणजे गॅरंटी नव्हे. टेम्पो भरून चाकूरला पाठवला आणि मी दवाखान्यात आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सोनी मान वळवून पोटाकडं बघतेय, हेच दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनीला ते गवत पहिल्यांदा घालणार होते. सासूबाईंना मी अंघोळीला त्यांच्या लातूरच्या बहिणीच्या घरी पाठवलं आणि मामांजवळ बसले. दुपारी मामांच्याच फोनवर बाबूरावाचा फोन आला. बाबूराव म्हणजे आमचा शेजारी, गंजी रचायला यायचा. शब्द मोजून वापरणारा माणूस. मामा "हं" म्हणाले, परत "हं" म्हणाले, आणि फोन उशीखाली सारला. मी विचारलं, काय म्हणतात? "काय न्हाई. गंजी रचली म्हणं." आणि सोनी? "खाऊन राहिली म्हणं."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पण मामांकडं बघितलं आणि परत चढला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी धावत नर्सला बोलावलं. तिनं बोटाला चिमटा लावून बघितला, म्हणाली, ठीक आहे. मामा म्हणाले, "बस गं माय. मला सांग, कसं निवडलंस ते." असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले, वखारीतले पिवळे गठ्ठे, भावाचा फोन, गयाबाई. ते डोळे मिटून ऐकत होते.

"हात घातला?"

"घातला."

"थंड होतं?"

"थंड होतं, मामा. कोरडं."

"बरोबर केलंस."

"पण हिरवं नव्हतं हो. तुम्ही नसतं घेतलं."

त्यांनी डोळे उघडले. "कोण म्हणतं? मी असतो तर हेच घेतलं असतं. ध्यानात ठेव. हेच घेतलं असतं." मग त्यांनी मला जेवून घ्यायला लावलं. समोर बसवून, घास मोजल्यासारखे बघत. ते इतके प्रेमानं वागत होते की मला भीती वाटायला लागली. जाणारी माणसं अशी निरवानिरव करतात, असं मी ऐकलं होतं. दाराशी पाऊल वाजलं की ते दचकून तिकडं बघायचे. संध्याकाळपर्यंत मी त्यांचा श्वास ऐकत बसले.

संध्याकाळी नवरा आला. मामा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. तो डबा ठेवत म्हणाला, "बाबा, आज काय गंमत झाली. गंजी रचताना मधूनच हे लांबडं निघालं. घोणस असंल. बाबूराव तर पळालाच. मग गेलं बापडं बांधाकडं. त्यानं तुम्हाला फोन केला ना?"

"सोनी?" मामा म्हणाले.

"सोनीला काय झालंय? सकाळपासून खाऊन राहिली. आणखी मागून राहिली."

आमच्याकडं गंजीपाशी कुणी साप म्हणत नाही. जनावर म्हणतात. आणि बाबूरावानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मामा, जनावर गेलं." मामांनी कुठलं जनावर ते विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही त्यांना. माझ्या हातानं आणलेल्या गवतानं सोनी गेली, पोटातल्या शिंगरासकट गेली, असं धरून तो माणूस दुपारभर माझ्यासमोर बसला होता, आणि मला बरोबर केलंस म्हणत होता.

मामा तोंडावर हात घेऊन रडायला लागले. दम लागला, नळी निघाली, नवरा घाबरला. मी त्यांची पाठ चोळत होते आणि मलाही रडू आवरत नव्हतं. म्हटलं, मामा, मला सांगायचं तरी. ते म्हणाले, "कशाला? मला ठाव हाय ते काय असतंय. तुला एक दिवस तरी उशिरा कळावं म्हणलं."

मग डोळे पुसून म्हणाले, "तिथूनच आण पुढं बी."

ते घरी आले, पण गंजीपासून लांब, ओसरीच्या पार टोकाला, तोंडाला उपरणं बांधून बसायचे. सोनीला फाल्गुनात शिंगरू झालं, मादी. ते तिला लांबूनच बघत. पावसाळा तोंडावर असताना मामा गेले. जाताना भ्याले नाहीत, असं सासूबाई म्हणतात. मी शेजारी होते, मला माहीत आहे, भ्याले. माझा हात घट्ट धरून भ्याले, आणि भीत असताना मला म्हणाले की तू भिऊ नको.

गवत मी गयाबाईकडूनच आणते. गाडी पुढं पाठवली आणि घरून फोन आला की पलीकडच्याला मी 'जनावर' हा शब्द उच्चारू देत नाही. नाव घ्या म्हणते. सोनी आहे का सांगा. आणि "हाव, हाय" असं ऐकू येईपर्यंत भर माळावर, उन्हात, श्वास धरून उभी राहते.